प्रतिसाद: अलाबामा २०१३, फक्त तो एक सेकंद?

वर बहुतेकांनी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या अलाबामा संघाच्या २०१३च्या ऑबर्नविरुद्धच्या पराभवाचं खापर सामन्याच्या शेवटच्या सेकंदावर फोडलंय: अलाबामाची ५७ यार्डांची किक तोकडी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेला, ऑबर्न ३४-२८ने विजयी. थरार खराच! पण त्याआधी अलाबामाचा किकर केड फॉस्टरचे तीन फील्ड गोल (खांबांमधून किक मारून गुण मिळवायचे प्रयत्न) वाया गेले होते, त्यातला एक तर अडवला गेला. त्यातल्या पहिल्या दोन चुकांनी किकवरचा भरवसा उडाला म्हणूनच बहुधा अलाबामाचे प्रशिक्षक सेबनने २८-२१ आघाडी असताना, फील्ड गोल आवाक्यात असूनही, चौथ्या डाऊनला (चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या संधीला) एक यार्डासाठी जुगार खेळला. तिथे चेंडू घेऊन धावणारा येल्डन अडला. माझ्या मते विजेतेपद तिथेच निसटलं. (आणि तो जादा सेकंद सेबननेच भांडून मिळवला होता!)