नव्या वर्षाचा शिवण-विणकामाचा बेत: आठवड्याचे चार तास पुरतील का?

दादरची_सुई

नमस्कार मंडळी. नव्या वर्षात शिवण आणि विणकाम दोन्ही नेमाने करायचं ठरवलं आहे. यादी अशी: अस्तराचे सहा ब्लाउज, चार कुर्ते, झबलं-टोपड्याचे दोन जोड, चार वर्षांच्या भाचीला बिनबाह्यांचा स्वेटर, एक लोकरीचा स्टोल आणि हाताने शिवलेली एक गोधडी.

सध्या परकर आणि अभ्रे शिवता येतात, साडीला फॉल लावता येतो. विणकामात सुलट-उलट टाके जमतात, टाके कमी-जास्त करून आकार देणं जमत नाही. मशीन पायाचं, काळं, फक्त सरळ टीप मारणारं. घरात १४ मीटर कापड पडून आहे. शनिवार-रविवार मिळून चार तास निघतात. शिवाय सकाळी दादरहून बोरिवलीकडे जाताना उलट्या दिशेची गाडी असल्याने बसायला मिळतं, तेव्हा २५ मिनिटं हात मोकळे असतात.

यादी पेलणारी आहे का? सुरुवात कशाने करू? आधी काय विकत घेऊ?

माया_सोडा

नग मोजू नका, तास मोजा. वर्षाचे आठवडे ५२, पण गणपती, दिवाळी, मे महिन्यातला गाव, लग्नकार्यं हे सगळं वगळून ४० आठवडे धरा. म्हणजे १६० तास.

आता खर्चाची बाजू. पहिल्या अस्तराच्या ब्लाउजला १४ तास लागतील, त्यात मांजरपाटाच्या (जाड्या कोऱ्या सुती कापडाच्या) चाचणी-नमुन्याचे ५ आले. पुढचे पाच प्रत्येकी ७ धरा. झाले ४९. कुर्त्यांना पहिला १० आणि पुढचे ७, म्हणजे ३१. झबली-टोपडी ६. स्वेटर १६ आणि त्याआधी टाके कमी करायचा सराव ४, मिळून २०. गोधडी पाच बाय सात फुटांची आणि धावदोऱ्याच्या ओळी इंचाइंचावर धरल्या, तर ६० ओळी. थर जाड असल्याने एका ओळीला २० मिनिटं जातात, म्हणजे २० तास, आणि थर अंथरून कच्चे टाके घालायला आणखी ४.

उरला स्टोल. ५० सेंमी रुंद आणि १७० सेंमी लांब. एक ओळ सुलट, एक उलट असा विणला तर कडा गुंडाळतात, म्हणून सगळ्या ओळी सुलटच घ्याव्या लागतात. तशा विणीत ओळी दाट बसतात. ५ मिमीच्या सुयांवर १० सेंमीत साधारण १८ टाके आणि ३४ ओळी येतात. ९० टाके गुणिले ५७८ ओळी म्हणजे ५२ हजार टाके. मिनिटाला २० च्या वेगाने ४३ तास!

बेरीज १७३. तुमच्या हातात आहेत १६०, आणि उसवण्याचा वेळ यात धरलेला नाही. तो नवशिक्याला हमखास लागतो, पाचातला एक तास तरी. म्हणून स्टोल शनिवार-रविवारमधून काढा आणि गाडीत न्या. ४३ तास म्हणजे २५ मिनिटांच्या १०३ फेऱ्या, कामाचे पाच महिनेसुद्धा नाहीत. सगळ्या ओळी सुलट असल्याने मोजणी लागत नाही आणि स्टेशन आलं की कुठेही थांबता येतं. सुया मात्र ३५ सेंमीच्या सरळ नकोत, कोपर शेजारणीला लागतं. ८० सेंमी केबलच्या सर्क्युलर सुयांवर तेच मागे-पुढे विणा. काम मांडीवर राहतं आणि सुई निसटून सीटखाली जात नाही.

ब्लाउजही सहाऐवजी चार करा, असं मी म्हणेन. चौथ्यानंतर हात बसला तर उरलेले दोन दिवाळीआधी सहज होतील.

लोकरगुंडा

हिशेब पटला. विणकामाच्या बाजूने भर घालते.

स्वेटरला हात घालण्याआधी १५ सेंमीचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. हा चौकोन टाळला की काय होतं ते आकड्यांतच बघा. भाचीची छाती ५८ सेंमी धरली आणि ६ सेंमी सैल ठेवली तर घेर हवा ६४. १० सेंमीत २२ टाक्यांनी १४० टाके लागतात. पण तुमचा हात सैल असेल आणि २० च टाके बसत असतील, तर त्याच १४० टाक्यांचा घेर ७० होतो. १० सेंमीत दोन टाक्यांचा फरक डोळ्याला दिसतही नाही, अंगावर मात्र पूर्ण एक माप वाढलेलं असतं. टाके कमी भरले तर एक माप बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. ओढून विणायला जाऊ नका. दहा ओळींनंतर हात मूळ सवयीवर येतो.

सुयांच्या नंबरात फार जणी फसतात. आपल्याकडच्या दुकानात जुने ब्रिटिश नंबर चालतात, तिथे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नमुन्यातला ८ नंबर ५ मिमीचा असतो. इंटरनेटवरचा नमुना घेतलात तर नंबर विसरा, मिलिमीटर बघा. क्रोशातही तोच घोळ आहे: अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे तोच ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे.

स्वेटरच्या अंगाला ८ नंबर आणि खालच्या पट्टीला १० नंबर घ्या. पुढचा-मागचा भाग वेगळा विणणार असाल तर प्रत्येकी ७० अधिक शिवणीचे २, असे ७२ टाके. उंची ३८ सेंमी. बिनबाह्यांच्या स्वेटरला साधारण १५० ग्रॅम लोकर लागते, बाह्या घातल्या तर २०० च्या पुढे. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले) घ्या आणि एक जास्तीचा घ्या. रंगाचं नाव तेच पण लॉट वेगळा असेल तर दुकानाच्या दिव्याखाली फरक कळत नाही, घरी उन्हात छातीवर आडवी रेघ दिसते.

गळा बंद करताना एक माप जाड सुई वापरा. या वयाच्या मुलांचं डोकं ५० सेंमीच्या आसपास असतं. गळ्याचे टाके घट्ट बंद केले की इतका सुंदर स्वेटर डोक्यातूनच जात नाही, आणि मूल रडायला लागलं की पुन्हा कधी घालत नाही.

आणखी एक. टाके कमी करण्याचा सराव लोकरीवर करण्याआधी जाड सुती धाग्यावर करा. सुती धाग्याला ताण नसतो, त्यामुळे प्रत्येक चूक उघडी दिसते. दोन टाके एकत्र सुलट विणले की उतार उजवीकडे झुकतो. एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा आणि उचललेला त्यावरून काढायचा, की तो डावीकडे झुकतो. मुंढ्याच्या (हात बाहेर येतो त्या गोल कापाच्या) दोन्ही कडांना हे दोन प्रकार समोरासमोर आले पाहिजेत, आणि कडेचा एक टाका सोडून आत करायचे, म्हणजे शिवण नीट बसते.

अस्तरवाली

सहा ब्लाउजांत कटोरी, प्रिन्सेस कट, खोल गळा असं सगळं घ्यायचा मोह होईल. पहिले दोन साधे चार टक्सचेच (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांचे) करा, आणि दोन्ही एकाच बेतावर. कागदावरचा बेत पहिल्यांदा कधीच अंगाला बसत नाही. दुसरा ब्लाउज दुसऱ्या नमुन्याचा घेतला तर पहिल्यात काय दुरुस्त केलं ते वाया जातं.

मांजरपाटाचा नमुना बाह्यांसकट शिवा, हूकपट्टीऐवजी टाचण्या लावा. मग हात वर करा. सगळा ब्लाउज हाताबरोबर वर चढला तर मुंढा खोल गेला आहे. इथे बहुतेक जणी उलटं करतात: काखेत आवळतंय म्हणून मुंढा आणखी खोल कापतात आणि ब्लाउज आणखी चढतो. मुंढ्याचा तळ अर्धा इंच वर घ्या आणि आवळत असेल तर बाहीची दंडावरची रुंदी वाढवा. कापलेलं कापड परत येत नाही, म्हणूनच हा प्रयोग मांजरपाटावर.

टक्सचं टोक छातीच्या बिंदूच्या पाऊण ते एक इंच अलीकडे संपलं पाहिजे. बिंदूवरच नेलं की टोक येतं. टोकाला उलटी टीप मारू नका, तिथे कापड गोळा होतं. टीप कापडाच्या घडीबाहेर जाऊ द्या, दोन्ही दोरे दोन इंच ठेवून हाताने गाठ मारा.

अस्तर बेतण्याआधी पाच-सहा तास पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. साडीचं रेशमी ब्लाउजपीस भिजवायचं नाही. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड आटत नाही, मग पाठीवर फुगे येतात आणि लोक शिवणीला दोष देतात. फॉलचंही तसंच, तुम्ही करतच असाल. बेतल्यावर अस्तर आणि वरचं कापड कडेने धावदोऱ्याने जोडा आणि दोन्ही मिळून टक्स घाला.

गळा कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचावर एक टीप मारून ठेवा. नाहीतर हाताळता हाताळता गळा ताणतो आणि मग कितीही सफाईने पट्टी लावली तरी तो छातीपासून सुटलेला राहतो. पट्टी एक इंच रुंद, बरोबर ४५ अंशांत तिरकी कापलेली. कापड वाचवायला सरळ कापली की वळणावर चुण्या ठरलेल्या.

बाजूच्या शिवणीला दीड इंच माया (शिवणीपलीकडचं जादा कापड) ठेवा. ब्लाउज वर्षानुवर्षं वापरायचा असतो, अंग बदलतं.

दादरची_सुई

मनापासून आभार. स्टोल गाडीत, ब्लाउज चार, हे पक्कं. एक अडचण आहे: रुबियावर (ब्लाउजच्या पातळ कापडावर) टीप मारली की शिवण आक्रसते, आणि कधी कधी कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते. मशीन बदलावं लागेल का?

पायमशीन

मशीन बदलू नका, सुई बदला. परकराच्या कापडासाठी १४ नंबरची सुई लावलेली असेल. रुबियाला ११, मलमलीला ९ किंवा ११, डेनिमला १६. टाका २ मिमीच्या आसपास ठेवा. त्यानेही आक्रसलं तर वरचा ताण थोडा सैल करा, आणि कापड मागून ओढू नका, नुसती दिशा द्या. सुई आठ-दहा तासांच्या शिवणीनंतर बदलायची, मोडेपर्यंत थांबायचं नाही. बोथट सुई बारीक सुताचे धागे ओढते आणि टाके सोडते. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाका पडतच नाही.

खालची जाळी हा बहुतेक वेळा बॉबिनचा दोष नसतो. दोरा ओवताना दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरत नाही, आणि वरचा दोरा सैल सुटून खाली गोळा होतो. दाबपट्टी वर करून पहिल्यापासून ओवा. तरीही झालं तर बॉबिन केस काढून पट्टीखालचा सुताचा भुगा ब्रशने झाडा. केसच्या बारीक स्क्रूला शेवटी हात लावा, आणि तोही पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा तारेने जोडा. पावसाळ्यात मशीन आठवड्यातून एकदा तरी चालवाच. तेलाचा थेंब सगळ्या भोकांत, मग चिंधीवर चार ओळी टीप, म्हणजे जादा तेल चिंधीत जातं, ब्लाउजवर नाही. मशीनचंच तेल वापरा. खोबरेल घातलं तर ते कालांतराने चिकट होऊन चाक जड होतं.

माया_सोडा

खरेदीचं राहिलं. आधी घरातले १४ मीटर मोजून, प्रत्येक तुकड्याला पन्हा (इंचांत रुंदी) आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी टाचा. ४४ पन्ह्याचा अडीच मीटरचा तुकडा म्हणजे पूर्ण बाहीचा कुर्ता. ३६ पन्ह्याचा ९० सेंमी म्हणजे ब्लाउज. याआधी मंगलदास मार्केटात पाऊल टाकू नका. तिथे गेल्यावर जे रंग दिसतात त्यापुढे कुठलीही यादी टिकत नाही. (रविवारी ते बंद असतं, म्हणजे तुम्हाला शनिवारच.) लेस-बटणांना भुलेश्वर.

पडून असलेल्या कापडात खळ असेल तर मे महिन्यातच धुऊन काढा. पावसात खळीला बुरशी आणि कसर दोन्ही धरतात, आणि घडीवरच भोकं पडतात.

झबल्यांना संक्रांत डोळ्यापुढे ठेवून काळं कापड घेऊ नका. बोरन्हाणाला शोभतं खरं, पण काळ्यावर काळी टीप नवशिकीला दिसत नाही आणि उसवताना कापडच कापलं जातं. पहिला जोड फिक्या मलमलीचा शिवा, शिवणी बाहेरून दुमडून, म्हणजे बाळाच्या अंगाला माया टोचत नाही.

लोकरगुंडा

गाडीतल्या स्टोलबद्दल: एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात हाताला घाम येतो, अॅक्रिलिक लोकर बांबूच्या सुईवर अडकते. त्या महिन्यांत धातूची सुई घ्या. फेब्रुवारीत सुरू केलात तर निम्म्याला थोडं कमी काम एप्रिलआधी होईल. ३०० ते ३५० ग्रॅम लोकर लागेल, पण पर्समध्ये एका वेळी एकच गुंडा ठेवा, आतल्या टोकाने ओढायचा. बाहेरच्या टोकाने घेतला तर तो डब्यात गडगडत दारापर्यंत जातो.