युरोपियन इनडोअर हॉकी : मैदानावरचे बलाढ्य संघ सभागृहात मागे का पडतात?

डावी बगल

मैदानी हॉकी मी नियमितपणे पाहतो; परंतु युरोपियन पुरुष इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेचे काही जुने सामने नुकतेच लागोपाठ पाहिले आणि आपल्याला या खेळातले काही कळत नाही की काय, अशी शंका आली. बेल्जियमने 2018 चा मैदानी विश्वचषक आणि त्यानंतर टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, तर पॅरिसमध्ये नेदरलँड्सने सुवर्ण पटकावले. असे असताना इनडोअर स्पर्धांच्या विजेत्यांमध्ये जर्मनीच्या जोडीला सातत्याने नाव दिसते ते ऑस्ट्रियाचे, म्हणजे ज्या संघाला मैदानी हॉकीत पहिल्या फळीत कोणीच धरत नाही त्याचे. हे केवळ हिवाळ्यामुळे होते, असे एका मित्राचे म्हणणे आहे. मला ते अपुरे वाटते.

दुसरे असे की, सामना बरोबरीत असताना आणि भरपूर वेळ शिल्लक असतानाही एका संघाने गोलरक्षकाला बाहेर बसवून जादा खेळाडू उतरवला. मैदानी हॉकीत हा प्रकार शेवटच्या दोन-चार मिनिटांत, पिछाडीवर असलेला संघ नाइलाजाने करतो. येथे तो इतक्या निवांतपणे कसा काय केला जातो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तरध्रुव

आपल्या मित्राचे म्हणणे अपुरे असेल, पण चुकीचे नाही. या खेळाची घडण 1950 च्या दशकात जर्मनीत झाली आणि तिचे कारण हिवाळाच होता. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मैदाने गोठलेली किंवा चिखलाने भरलेली असत, म्हणून क्लबांनी हँडबॉलच्या सभागृहांचा आसरा घेतला. पुढे 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने या प्रकाराला आपल्या छत्राखाली घेतले आणि 1974 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये युरोपियन संघांची पहिली पुरुष स्पर्धा झाली. ती पश्चिम जर्मनीने जिंकली. त्यानंतर 2006 पर्यंत झालेली प्रत्येक स्पर्धा जर्मन संघानेच जिंकली. ही साखळी तुटली ती 2008 मध्ये येकातेरिनबुर्ग येथे, रशियाने विजेतेपद मिळवले तेव्हा. आणि 2010 मध्ये अल्मेरे येथे ऑस्ट्रिया पहिल्यांदा विजेता ठरला.

जर्मनीत क्लबांच्या राष्ट्रीय लीगचा मैदानी हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, हिवाळ्यात थांबतो आणि वसंतात पुढे चालू होतो. मधल्या थांब्यात तेच क्लब, पुष्कळदा त्याच खेळाडूंना घेऊन, सभागृहातली स्वतंत्र लीग खेळतात. त्यामुळे तेथील मुलगा लहानपणापासून वर्षाचे काही महिने इनडोअर खेळतच मोठा होतो. ऑस्ट्रिया, पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि स्वित्झर्लंड या देशांतही हिवाळी हंगामाला असेच महत्त्व आहे. पोलंडने तर 2011 चा इनडोअर विश्वचषक पोझनान येथे घरच्या प्रेक्षकांसमोर खेळताना अंतिम फेरी गाठली होती. तेथे जर्मनीने त्यांना रोखले.

गोलरेषा

वरील प्रतिसादातील इतिहास मान्य आहे, पण निष्कर्षाबाबत माझा मतभेद आहे. हिवाळ्यानेच सारे ठरत असते, तर इराणचे काय करायचे? 2018 मध्ये बर्लिनच्या इनडोअर विश्वचषकात इराणने कांस्यपदक मिळवले, आणि मैदानी हॉकीत त्या देशाची फारशी दखल घेतली जात नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर 2015 चा विश्वचषक लाइपझिग येथे नेदरलँड्सनेच जिंकला आणि अंतिम सामन्यात हरवले तेही ऑस्ट्रियाला. त्यामुळे डच खेळाडूंना सभागृहातले हॉकी जमत नाही, असे म्हणता येत नाही. प्रश्न प्राधान्याचा आहे. मैदानी कार्यक्रम इतका भरगच्च असतो की, नेदरलँड्स आणि बेल्जियमचे अव्वल खेळाडू जानेवारीतल्या या स्पर्धेसाठी सहसा मोकळे नसतात, किंवा त्यांना मोकळे सोडले जात नाही. ऑस्ट्रियाने मात्र इनडोअरलाच आपले मुख्य ध्येय मानले आणि बेंजामिन श्टान्झल, मिखाएल क्योर्पर यांच्यासारख्या खेळाडूंभोवती वर्षानुवर्षे एकच गट टिकवला. त्याचे फळ त्यांना 2018 मध्ये मिळाले. जानेवारीत अँटवर्पला युरोपियन विजेतेपद आणि फेब्रुवारीत बर्लिनला विश्वविजेतेपद, तेही 3-3 अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये यजमान जर्मनीला नमवून.

आता मूळ मुद्दा. मैदानी हॉकी आकसून लहान केले की इनडोअर हॉकी होते, हा समज काढून टाकल्याशिवाय आपल्याला पडलेले कोडे सुटणार नाही. येथे चेंडू फटकावता येत नाही, फक्त पुश करता येतो किंवा ढकलत नेता येतो. आणि डी मध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, गोलाच्या दिशेने मारताना सोडले, तर तो उचलताही येत नाही. म्हणजे लांब फटका मारून बचावाच्या पलीकडे चेंडू टाकण्याचा मार्ग बंद. वेगाने धावत समोरच्याला मागे टाकावे, तर जागा नाही, कारण मैदान जास्तीत जास्त 44 मीटर लांब आणि 22 मीटर रुंद असते. मैदानी हॉकीत ज्या दोन गुणांवर बेल्जियमसारखा संघ सामने काढतो, ते दोन्ही येथे निम्म्या किमतीचे होतात.

त्याऐवजी येथे महत्त्व येते ते कडेच्या बोर्डांना. दोन्ही बाजूरेषांवर 10 सेंटिमीटर उंचीचे बोर्ड असतात आणि ते आतल्या बाजूला किंचित कललेले असतात, त्यामुळे चेंडू त्यांच्यावर आपटला की बाहेर न जाता जमिनीलगतच परत येतो. सराईत खेळाडू समोरच्या बचावपटूकडे पाहत राहतो, पण चेंडू मात्र बोर्डावर अशा कोनात ढकलतो की, तो त्या बचावपटूच्या पाठीमागे उभ्या असलेल्या साथीदाराच्या स्टिकवर येऊन थांबतो. हा कोन शिकवून येत नाही, हजारो वेळा खेळूनच हातात बसतो. बचावाचेही तसेच. खेळाडू कमरेतून वाकून, स्टिक जवळजवळ आडवी जमिनीला टेकवून सरकत राहतो आणि चेंडूची वाट अडवतो. ज्या हातात स्टिक आहे तो जमिनीला टेकला तरी चालते. पण तोल सावरण्यासाठी दुसरा हात किंवा गुडघा टेकून चेंडू खेळला की पंच शिट्टी वाजवतात. मैदानी हॉकीतून आलेला उंच, दणकट बचावपटू पहिल्या दहा मिनिटांत येथेच फसतो, आणि वर्षातून एखादा आठवडा सराव करून हे अंगवळणी पडत नाही.

उत्तरध्रुव

इराणचा दाखला बिनतोड आहे. तरीही युरोपपुरते बोलायचे, तर ऑस्ट्रियाला एवढे सातत्य दाखवता आले, कारण त्यांच्याकडे हिवाळी लीगमध्ये घडलेले खेळाडू आयते होते. ध्येय ठरवले आणि गट टिकवला, इतक्यानेच काम झाले असते, तर पैसा आणि प्रशिक्षक जास्त असलेल्या इंग्लंडलाही ते साधले असते. आणि या स्पर्धेत ढिलाई परवडत नाही, हेही लक्षात घ्यावे. गेल्या दशकातील रचनेनुसार अव्वल श्रेणीत 8 संघ, चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातील पहिले दोन उपांत्य फेरीत आणि तळाच्या चार संघांपैकी शेवटचे दोन थेट दुसऱ्या श्रेणीत, असा हिशोब असे. सारे काही तीन-चार दिवसांत उरकत असल्यामुळे एक सकाळ वाईट गेली, तरी मोठ्या नावाचा संघ खाली जाऊ शकत असे.

शिट्टी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो वरच्या चर्चेत मागे पडला आहे आणि मला तोच अधिक रोचक वाटतो.

इनडोअर सामन्यात प्रत्येक संघाचे एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. पाचाऐवजी सहा जण चेंडू खेळवू लागले, की संघाचे बळ एक पंचमांशाने वाढते. मैदानी हॉकीत हीच अदलाबदल दहाचे अकरा करते, म्हणजे फायदा निम्माच. शिवाय येथे प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या अर्ध्या भागातून रिकाम्या गोलाकडे लांबवर फटका मारून गोल करता येत नाही, कारण गोल मिळवण्यासाठी चेंडू डी च्या आत खेळलेला असावा लागतो. धोका कमी आणि लाभ मोठा, म्हणून प्रशिक्षक हा डाव बरोबरीच्या स्थितीतच नव्हे, तर आघाडीवर असतानाही खेळतात. सहा जणांनी चेंडू आपसांत फिरवत ठेवला, तर पाच जणांना तो हिसकावून घेणे अतिशय जड जाते आणि घड्याळ पुढे सरकत राहते. प्रेक्षक म्हणून मला ते कंटाळवाणे वाटते, पण शहाणपणाचे आहे, हे नाकारता येत नाही.

या डावात खेळाडू निवडण्यालाही महत्त्व आहे. जादा उतरलेल्या खेळाडूला गोलरक्षकाचे कोणतेही विशेषाधिकार नसतात. त्याने पायाने चेंडू अडवला, तर इतर कोणाही खेळाडूप्रमाणेच तो नियमभंग ठरतो. म्हणून सहसा सर्वांत शांत डोक्याचा, चेंडूवर पक्की पकड असलेला खेळाडू मागे मध्यभागी ठेवला जातो आणि बाकीचे पाच जण दोन्ही बोर्डांपर्यंत पसरतात.

डावी बगल

सर्वांचे आभार. बोर्डांविषयीचा खुलासा वाचून एक सामना पुन्हा पाहिला आणि निम्मे पास पहिल्या वेळी माझ्या ध्यानातच आले नव्हते, असे दिसून आले. एकच शंका उरते. गोलरक्षक बाहेर असताना चेंडू गेला आणि समोरच्या संघाने पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या नियमभंगाबद्दल मिळणारी, गोलरेषेवरून चेंडू आत देऊन गोल मारण्याची संधी) मिळवला, तर गोलरक्षकाला घाईने परत आणता येते का?

शिट्टी

नाही. खेळ चालू असताना खेळाडू कितीही वेळा बदलता येतात; परंतु पंचांनी पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदल करण्यास मनाई आहे. बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक जखमी झाला किंवा त्याला कार्ड दाखवून बाहेर काढले, तरच अपवाद होतो. त्यामुळे गोलरक्षक बाकावर असेल, तर 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच गोलाचे रक्षण साध्या खेळाडूंनाच करावे लागते, आणि इनडोअर कॉर्नरवर तर पहिला फ्लिकही (स्टिकने उचलून मारलेला चेंडू) हव्या तितक्या उंचीवर मारता येतो. अनुभवी संघ म्हणूनच चेंडू गमावल्याबरोबर आधी गोलरक्षकाला आत धाडतात आणि मगच पाठलागाला लागतात. आपण पाहिलेल्या सामन्यात बाकाजवळ पूर्ण पॅड बांधून उभा असलेला गोलरक्षक दिसला असेल, तर तो याच क्षणासाठी तेथे उभा होता.