अनुभव धागा: जोडीदाराचे चिनी कागद, भाषांतर आणि नोटरी

लग्न झालं, पेढे वाटून झाले, आणि मग कागद सुरू झाले. बायको छंग्दूची, मी साताऱ्याचा, सध्या न्यू जर्सीत. आय-१३० (जोडीदाराला अमेरिकेत कायमचं आणण्यासाठीचा पहिला अर्ज) भरताना मला वाटलं होतं, चिनी कागद मागवायचे, कुणाकडून तरी इंग्रजी करून घ्यायचे, वर नोटरी मारायची, संपलं. त्या ‘नोटरी’ शब्दानेच माझे तीन महिने खाल्ले. ज्यांनी ज्यांनी नवऱ्यासाठी वा बायकोसाठी चिनी कागद हाताळलेत त्यांनी इथे लिहा, देश कुठलाही असो. कुठे अडलात ते आधी सांगा. सुरळीत पार पडलेल्यांचं अभिनंदन, पण त्यांचा आम्हाला उपयोग नाही.

सुरुवात माझ्यापासून. आपल्या डोक्यातली नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल, तांबडा शिक्का आणि जाडजूड वहीत सही. अमेरिकेतली नोटरी म्हणजे बँकेतली बाई. ‘या माणसाने माझ्यासमोर सही केली’ एवढंच ती सांगते, कागदात काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. चीनमध्ये मात्र गोंगचंगछू नावाची अख्खी कचेरी असते. ते मूळ कागद तपासतात आणि स्वतःचा दाखला बनवून देतात: छोटी पुस्तिका, आत चिनी मजकूर, मागे इंग्रजी भाषांतर, फोटो, लाल शिक्का. अमेरिकेच्या व्हिसाला जन्मदाखला म्हणून हीच पुस्तिका लागते. बायकोचा जन्म १९९१चा. चीनमध्ये देशभर एकसारखा वैद्यकीय जन्मदाखला सुरू झाला १९९६मध्ये, त्यामुळे तिच्याकडे दवाखान्याचा कागदच नव्हता. सासूबाई हुकौ (कुटुंबाची नोंदवही, आपलं रेशनकार्ड जरा जास्त शिकलं तर तसं होईल) घेऊन कचेरीत गेल्या आणि काम झालं.

अडलो मी. लग्नाच्या लाल पुस्तिकेचं भाषांतर इथे ओळखीतून करून घेतलं आणि ऐटीत नोटरीही केली. पाठोपाठ इमिग्रेशनवाल्यांचं पत्र. ‘भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्याची माझी पात्रता आहे’ असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहायला हवं होतं. नेमकं तेवढंच राहिलं होतं. नोटरी तर कुणी मागितलीच नव्हती.

टोरांटोहून:
माझा नवरा शन्यांगचा, पोटापाण्यासाठी चिनी-इंग्रजी भाषांतरच करतो. आणि आमचेच कागद त्याला करता येईनात! कॅनडात अर्जदाराने किंवा घरच्याने केलेलं भाषांतर चालत नाही, मग तो वकील असो की खुद्द भाषांतरकार. बाहेरून करून घेतलं, पैसे मोजून. हुकौमध्ये ‘जीग्वान’ असा एक रकाना असतो. त्या गृहस्थांनी त्याचं केलं ‘जन्मस्थान’, आणि पुढे शानतुंग प्रांत. अर्जात आम्ही लिहिलेलं शन्यांग. खुलासा मागणारं पत्र आलं.

जीग्वान म्हणजे मूळ गाव हो! त्याचे पणजोबा शानतुंग सोडून उत्तरेला मंचुरियात गेले, तिकडची कितीतरी घराणी अशीच आलेली. माझा जन्म दादरचा, पण गाव विचारलं तर मी गुहागरच सांगते ना? मराठी माणसाला हे एका वाक्यात कळतं, इंग्रजीत समजवायला मला दीड पान लागलं. हुकौचं भाषांतर हातात आलं की जन्मस्थान आणि जीग्वान हे दोन रकाने शेजारी ठेवून बघाच. ‘आधीचं नाव’ हाही एक रकाना असतो, तो रिकामा असेल तर ‘रिकामा’ असं भाषांतरात लिहून घ्या.

मेलबर्नहून:
८२० व्हिसा, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा जोडीदाराचा व्हिसा. इथे भाषांतर नाटी (भाषांतरकारांना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यताप्राप्त माणसाकडून. दर पानाचा असतो, म्हणून हुकौची किती पानं हवीत ते आधी ठरवा. बाकी काही घडलं नाही, क्षमस्व.

पुण्याहून:
आमची उलटी गंगा, बायको चीनमधून इकडे. एजंट म्हणाला, चीनमध्ये आता अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा एकच सरकारी दाखला, मग वकिलातीत जावं लागत नाही) मिळतं, आठवड्यात काम. अर्धसत्य! ७ नोव्हेंबर २०२३पासून चीनमध्ये अपोस्टील आहे, पण भारताने आक्षेप घेतल्यामुळे ते चीन आणि भारत या दोघांमध्ये लागू नाही. म्हणजे जुनाच रस्ता: गोंगचंगछू, मग त्यांचं परराष्ट्र खातं, मग तिथली भारतीय वकिलात. अपोस्टीलचे पैसे पाण्यात गेले, एजंट फोन उचलत नाही.

दुसरी गोष्ट आडनावाची. तिचं आडनाव इंग्रजीत पासपोर्टवर एल-वाय-यू, कॉलेजच्या प्रमाणपत्रावर एल-व्ही, आणि भाषांतरात एल-यू. उच्चार एकच, ल्यु. तिन्ही एकाच बाईचे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र केलं, इथे मात्र आपली छत्रीखालची नोटरी कामी आली. वर खिडकीतले साहेब म्हणाले, “लग्न होऊन तीन वर्षं झाली, मॅडमनी अजून तुमचं आडनाव लावलं नाही?” चीनमध्ये बायका आडनाव बदलत नाहीत हे सांगितल्यावर माझ्याकडे दयेने पाहत होते.

लंडनहून:
नवरा तैवानचा. तिथल्या नोंदीत साल मिन्कुओ पद्धतीचं असतं, त्यात १९११ मिळवायचे. नोंद ७८ सालची, म्हणजे १९८९. भाषांतरात आलं १९७८. एका रात्रीत अकरा वर्षांनी थोरला झाला. पासपोर्टशी ताडून मी पाठवण्याआधी पकडलं. सासूबाईंना सांगू नका.

ह्यूस्टनहून:
आमचे सगळे कागद चोख होते. गोंधळ मुलाखतीत. बायको हनान प्रांतातल्या खेड्यातली, तिच्या हुकौवर आणि पुढे पासपोर्टवर जी जन्मतारीख चढली ती त्यांच्या चांद्र पंचांगाची. खरी तारीख महिनाभर पुढची, आणि आम्ही वाढदिवस करतो तो खऱ्या तारखेला. अधिकाऱ्याने मला विचारलं, हिचा वाढदिवस कधी? मी केकवाली तारीख सांगितली. तिने पासपोर्टवाली. त्याने पेन खाली ठेवलं.

शिवजयंतीचा तिथी-तारखेचा वाद ऐकत मोठा झालेला मी, पण त्याला कुठून समजावणार? शेवटी फोनमधले चार वर्षांचे केकचे फोटो तारखांसकट दाखवले. हसला नाही, पण पेन उचललं.