वाळू मुठीत न धरता मोल्डिंग शिकवणार म्हणे!

उद्यमबागकर: काल इथं एकानं लिहिलं, आयटीआयच्या पोरांना फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पाठवायची गरज नाही, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आभासी दृश्य दाखवणारं यंत्र) पुरे; स्पर्शाची उणीव चित्र आणि आवाज भरून काढतात. डोकं तापलं. 28 वर्षं मोल्डिंग करतोय, म्हणजे धातूचा रस ओतायला ओल्या वाळूचे साचे बनवतोय. वाळू मुठीत आवळायची, गोळा मोडून बघायचा. कडा ढासळल्या तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर जास्त. हे चित्र कसं सांगणार?

खानापूरचा अभि: लिहिणारा मीच. काका, 1998 चा रबरी हाताचा प्रयोग बघा. खरा हात आडोशाला, समोर रबरी हात, दोन्हींवर एकदमच कुंचला फिरवला, तर लोकांना स्पर्श रबरी हातावरच जाणवला. व्हीआरमधला हात खऱ्या हातापेक्षा कमी हलवला तर उचललेली वस्तू जड वाटते. मेंदू डोळ्याचं ऐकतो.

उद्यमबागकर: अरे, पण खऱ्या हातावरही कुंचला फिरतच होता की! तुझ्या हेडसेटात तो कोण फिरवणार?

खानापूरचा अभि: तेवढं मान्य. पण थरथरणारे हातमोजे आहेत ना.

उद्यमबागकर: थरथर म्हणजे ओल नव्हे.

शहापूरची सून: आमच्या सासूबाईंची बोटं मधुमेहानं बधिर झालीत. कडेला चीर पडली का ते बघून आणि थापण्याच्या आवाजावर भाकरी करतात. अजून गोल येते. मग अभिचं काय चुकलं?

उद्यमबागकर: वहिनी, 40 वर्षं जित्या बोटांनी थापल्या म्हणून जमतंय. नव्या पोराच्या हाताला आठवायला आहे काय?

निपाणीकर: स्पर्शाचं राहू द्या, सूचना कुठल्या भाषेत? पुतण्या असल्याच एका ट्रेनिंगला गेलता. कन्नड आणि इंग्रजी, दोनच पर्याय. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात, आणि इथं यंत्रातूनही मराठी गायब!

खानापूरचा अभि: आला का सीमाप्रश्न! कन्नड शिका की. राहतो कुठं आपण?

निपाणीकर: मला शिकवू नको. बाजारात रोज बोलतो. पण 'मागं सर' हे पोरगं ज्या भाषेत दचकतं त्याच भाषेत ऐकू यायला पाहिजे.

गोकाकचा: माझ्या घरी कन्नड. आमच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही भाषांत ओरडतात, सगळे सरकतात. भांडण कशाला?

निपाणीकर: तुमच्या वर्कशॉपमध्ये माणसं ओरडतात. हेडसेटात एकच आवाज असतो.

शहापूरची सून: हे मात्र पटलं.

खानापूरचा अभि: बरं, मराठी घाला. पण काका, लोखंडाच्या रसाशेजारी नवखं पोरगं पहिल्याच दिवशी उभं करणार? तुमच्या मनगटावरचा डाग मी बघितलाय.

उद्यमबागकर: डाग आहे. पहिल्या महिन्यातलाच आहे. ओतकाम आधी हेडसेटवर दाखव, अडवत नाही. वाळूत मात्र पहिल्याच दिवशी कोपरापर्यंत हात घालायला लावणार.