प्रतिभावान की प्रतिभावंत? सत्काराच्या फ्लेक्सवर काय लिहावं?

रंकाळावेस: कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात मंडळातर्फे दहावी-बारावीची मुलं, एक चित्रकार आणि एक पैलवान यांचा सत्कार आहे. फ्लेक्सवर 'प्रतिभावान व्यक्तींचा' लिहायचं की 'प्रतिभावंतांचा'? मानपत्रात 'त्यांच्या प्रतिभाने' असं आलंय, तेही खटकतंय.

खिळेजुळणी: 'प्रतिभाने' चूकच. भाषा-भाषेने, तसं प्रतिभा-प्रतिभेने, प्रतिभेचा, प्रतिभेमुळे. मुलीचं नाव प्रतिभा असेल तर मात्र 'प्रतिभाने बक्षीस घेतलं' हेच आज रूढ आहे.

'वान' आणि 'वंत' मुळात एकाच संस्कृत प्रत्ययाचे. पुढे नाम असेल तर 'प्रतिभावान चित्रकार'. बाईंनाही तेच चालतं, 'प्रतिभावती' ओढूनताणून वाटतं. शब्द एकटा नाम म्हणून वापरायचा तर 'प्रतिभावंत' बरा: प्रतिभावंताला, प्रतिभावंतांचा. यात 'ता'वरचा अनुस्वार गेला की सत्कार एकाच माणसाचा होतो, आणि फ्लेक्सवर नेमका तोच जातो. 'प्रतिभाशाली'ला प्रत्यय नीट चिकटत नाहीत, पुढे 'व्यक्तींचा' जोडावंच लागतं. गुणवान-गुणवत्ता, बुद्धिमान-बुद्धिमत्ता ही जोडी पाहून 'प्रतिभावानता' बनवू नका. गुणाचं नाव 'प्रतिभा' हेच आहे.

पंचगंगाकाठ: व्याकरण ठीक, पण तिघांनाही हा शब्द लागतो का? संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताच्या व्याख्येत प्रतिभा म्हणजे नवे नवे उन्मेष दाखवणारी प्रज्ञा. त्याच परंपरेतल्या राजशेखराने तिचे दोन प्रकार केले: निर्मिती करणाऱ्याची कारयित्री, रसिकाची भावयित्री. म्हणजे मुद्दा नवं काही घडवण्याचा. आपल्या दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेबांनी आवाज बिघडल्यावर त्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली, ती प्रतिभा. ९५ टक्के मिळवणारा मुलगा हुशार, गुणवंत. पैलवानाला 'नामवंत' म्हणा. डावपेचात त्याचं कसब असतं, आणि तालमीत कुणी 'प्रतिभावंत मल्ल' म्हणत नाही. (म्हटलं तर वस्ताद हसतील.)

रंकाळावेस: मग तिघांना मिळून एक शब्द?

पंचगंगाकाठ: 'गुणवंतांचा सत्कार'. 'प्रतिभावंत' चित्रकाराच्या मानपत्रापुरता ठेवा.

खिळेजुळणी: आणि त्या मानपत्राचं प्रूफ मोठं करून बघा. बारीक टायपात 'प्रतिभा'ची 'प्रतिमा' होते, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणकाची शुद्धलेखन तपासणी ती पकडत नाही.