विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, की उलट प्रश्नच विचारायचे?

जुनी वही
परवा एका विद्यार्थ्याने मॅकियाव्हेली या सोळाव्या शतकातल्या इटालियन राजकीय विचारवंताबद्दल विचारलं, "मॅकियाव्हेली हुकूमशाहीच्या बाजूचा होता का? चार ओळींत सांगा, उद्या लिहून द्यायचंय." मी उत्तर दिलं नाही. उलट तीन प्रश्न विचारले. राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं यावरचं 'द प्रिन्स' हे पुस्तक त्याने कुणाला अर्पण केलं? त्याआधी तो कुणाच्या नोकरीत होता? आणि त्याने दुसरं काय लिहिलंय? मुलगा पुन्हा फिरकला नाही. सहकाऱ्याने मला सुनावलं, पोराला हाकलून दिलंस म्हणून. मला तसं वाटत नाही. चार ओळी मी सांगितल्या असत्या तर विचार माझा आणि अक्षर तेवढं त्याचं. इतिहास, राजकीय विचार, अभिजात साहित्य, कुठेही शिकायची असते ती उत्तरापर्यंतची वाट. ती दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चालता येत नाही. तुमचं काय म्हणणं?

कंदील
सपशेल असहमत. तुमचे तीन प्रश्न ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्यालाच सोपे. मी सरळ सांगितलं असतं: हा माणूस १४९८ पासून चौदा वर्षं इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या प्रजासत्ताकाचा अधिकारी होता. १५१२ मध्ये तिथलं जुनं सत्ताधारी मेदिची घराणं परत आलं, त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग, छळ. त्याच वर्षी त्याने 'द प्रिन्स' लिहायला घेतलं आणि अर्पण केलं ते मेदिचींनाच! पण प्राचीन रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासावर लिहिताना हाच गृहस्थ प्रजासत्ताकाची बाजू घेतो. म्हणून कुणी त्याला संधिसाधू म्हणतं, कुणाला ते पुस्तक म्हणजे नोकरीचा अर्ज वाटतो, आणि अठराव्या शतकातल्या रूसो या विचारवंताने तर त्याला प्रजासत्ताकवाद्यांचं पुस्तक म्हटलं. झालं. यात उत्तर आहे आणि भांडणही आहे. आता यापुढे त्या मुलाने विचार करायचं कशाला थांबावं?

तिरकस
कंदील, परिच्छेद झकास आहे, धोका तोच. जसाच्या तसा उतरवला जाणार. 'साध्य चांगलं असेल तर साधन कसंही चालेल' हे मॅकियाव्हेलीच्या नावावर खपणारं वाक्य या शब्दांत त्याने कुठेच लिहिलेलं नाही. 'द प्रिन्स'च्या अठराव्या प्रकरणात लोक शेवटाकडे बघून न्याय करतात, अशा अर्थाचं काहीतरी आहे, बस. कुणीतरी सोयीसाठी चार शब्दांत सांगितलं आणि ते तसंच पुढे गेलं. 'पाव नसेल तर केक खा' हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या नावावरचं वाक्य त्याच पंगतीतलं. रूसोच्या आत्मचरित्रात ती गोष्ट एका निनावी राजकन्येची आहे, आणि त्याने ती लिहिली तेव्हा मारी ऑस्ट्रियात लहान मुलगी होती.

कंदील
अहो, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा! तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून कळलं. 'मारीबद्दल तुला काय वाटतं?' असं दहादा विचारून हे बाहेर आलं असतं का?

आता कुणीतरी सॉक्रेटिसला आणणारच, म्हणून आधीच सांगतो. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात तो एका गुलाम मुलाकडून दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढायचा ते नुसते प्रश्न विचारून काढून घेतो. मुलगा आधी म्हणतो, बाजू दुप्पट करा. मग आकृतीत त्याला दिसतं की असं केलं तर चौरस चौपट होतो. पण ती भूमिती आहे, चूक डोळ्यांसमोर उघडी पडते. १५१२ साली फ्लॉरेन्समध्ये काय झालं ते कुणाच्या डोक्यात आधीपासून दडून बसलेलं नसतं. (शिवाय तिथेही सॉक्रेटिस प्रश्नाच्या वेषात उत्तरंच सरकवतोय असा मला जुना संशय आहे. असो.)

वाचनवेडी
तुम्ही सगळे विषय एकाच दावणीला बांधताय. सन, घटना विचारली तर सांगून मोकळं व्हा, त्यात कसली साधना! 'पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण?' असं विचारलं तर मात्र एक नाव सांगणं हीच चूक. १९१९ च्या व्हर्साय तहातलं २३१ वं कलम जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकतं, आणि १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर हा जर्मन इतिहासकारच जर्मनीकडे बोट दाखवतो तेव्हा त्याच्याच देशात गदारोळ होतो. मुलांना हा गदारोळ सांगा.

नाटक-कादंबरीत मात्र मी जुनी वहींच्या बाजूची. हॅम्लेट सूड घ्यायला का रेंगाळतो याचं उत्तर आधीच खिशात असलेला वाचक नाटकभर तेवढंच शोधत बसतो.

शेवटचा बाक
मी विद्यार्थिनी आहे म्हणून मधे बोलते. 'तुला काय वाटतं?' असं विचारलं की मला काहीच वाटेनासं होतं. वाटायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं ना! तयार परिच्छेद मिळाला तर मी उतरवते, हेही कबूल.

आता माझा प्रश्न. आम्हाला सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे ग्रीक नाटक आहे. त्यातल्या क्रिऑन राजाचंही बरोबर आहे असं शिकवलं. मला तो नुसता दुष्ट वाटतो. बरोबर कसा?

जुनी वही
सांगतो. नाटक सुरू होतं तेव्हा दोन भाऊ एकमेकांच्या हातून मेलेले आहेत. एक शहर राखताना, दुसरा परकं सैन्य घेऊन त्याच शहरावर चालून आलेला. क्रिऑनच्या हाती सत्ता नुकतीच आलीय, आणि चालून आलेल्याला कुणी माती द्यायची नाही असा त्याचा हुकूम आहे. चालून येणाऱ्याला आणि राखणाऱ्याला सारखाच मान दिला तर पुढच्या वेळी शहरासाठी कुणी का मरावं, ही त्याची अडचण. त्या भावांची बहीण अँटिगनी म्हणते, मेलेल्याला माती देणं हे राजाच्या हुकमाच्या वरचं आहे. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला या नाटकाचं मोल वाटलं ते याचसाठी: दोन्ही बाजूंना न्याय्य आधार, आणि दोघंही दुसऱ्याचं ऐकायला तयार नाहीत. मला स्वतःला क्रिऑन अर्ध्या नाटकापर्यंत पटतो.

तिरकस
दिलंत की हो उत्तर! तीन प्रश्न कुठे गेले?

जुनी वही
हिने आपलं मत आधी सांगितलं, म्हणून बोलायला जागा मिळाली. त्या मुलाने सांगितलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नव्हतं म्हणा. आणि अर्धंच दिलंय. तो कुठे पटेनासा होतो ते बोललेलो नाही. शेवटचा बाक, क्रिऑनचा मुलगा हेमॉन बापाशी बोलायला येतो तिथून पुन्हा वाच. सावकाश.

शेवटचा बाक
वाचते. पण सर, उद्याच द्यायचंय.