जिग, फिक्स्चर आणि ‘बैठक’

घरच्या लेथसाठी, म्हणजे वस्तू फिरवून कातण्याच्या यंत्रासाठी, आपण स्वतः जी वस्तू धरण्याची साधने बनवतो त्यांना मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला ‘साचा’, ‘पकड’ आणि ‘धारक’ अशी तीन उत्तरे आली आहेत. ‘साचा’ मला मुळीच पटत नाही, कारण साचा वस्तूला स्वतःचा आकार देतो आणि इथे आकार देण्याचे काम हत्यार करते. ‘पकड’ म्हटले की हातात धरायचे अवजारच डोळ्यांपुढे येते. ‘धारक’ अर्थाने जवळचा आहे. मात्र पासधारक, खातेधारक यांच्या ओळीत बसलेला हा शब्द कानाला माणसाचाच वाटतो.

मुख्य अडचण वेगळी आहे. जिग आणि फिक्स्चर ही दोन्ही साधने जॉब, म्हणजे ज्यावर काम चालते ती वस्तू, धरतातच, त्यामुळे केवळ धरण्यावरून शब्द घडवला तर दोहोंतला भेदच पुसला जातो. जिग जॉब धरून शिवाय हत्याराला वाट दाखवते. फिक्स्चर जॉबला ठरलेल्या जागी बसवून आवळते आणि हत्यार कुठे जावे हे यंत्रावर सोडते.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत लहान लेथ आहे. १२ मिमीच्या गोल गजाला आरपार ३ मिमीचे भोक पाडायचे होते आणि गोल पाठीवर ड्रिल प्रत्येक वेळी घसरत होते. शेवटी एका ठोकळ्याला ९० अंशांची खाच पाडली, गज तिच्यात आडवा ठेवला आणि वर ३ मिमीचे भोक असलेले कडक पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवले. ड्रिल बुशमधून उतरते, म्हणून ही जिग. याउलट, पंपाच्या काटकोनी कंसातले भोक बोअर करण्यासाठी, म्हणजे आतून कातून मोठे करण्यासाठी, फेसप्लेटवर (लेथबरोबर फिरणाऱ्या सपाट चकतीवर) एक पट्टी बोल्टने आवळून तिच्यात दोन खुंट्या ठोकल्या, तेव्हा झाले ते फिक्स्चर. त्यातली एक खुंटी गोल ठेवली आणि दुसरी दोन बाजूंनी घासून चपटी केली, कारण या खुंट्या ज्यांत शिरतात त्या कंसातल्या दोन भोकांच्या अंतरात केसभर फरक असला तरी दोन गोल खुंट्यांवर तो बसत नाही. कंस एका बाजूला जड असल्याने समोरच्या बाजूस तोलासाठी वजनही बांधावे लागले, नाहीतर फिरताना सगळा लेथ थरथरतो.

या खुंट्यांमुळेच मला फिक्स्चरसाठी ‘बैठक’ हा शब्द योग्य वाटतो. जॉब आवळणे हे नंतरचे काम. आधी तो दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे, आणि मराठी कारागीर ‘जॉब नीट बसला नाही’ असेच म्हणतो. जिगसाठी मात्र नवा शब्द शोधू नये, ‘जिग’च ठेवावा. फेसप्लेटवर बांधलेल्या प्रत्येक वस्तूला सरसकट जिग म्हणण्याची सवय तेवढी सोडावी. लेथवर फिरणारी बहुतेक साधने बैठकाच असतात.

लेथच्या बाबतीत आपली भाषा मुळीच दरिद्री नाही. ‘कातीव खांब’ आणि ‘कातारी’ (कातकाम करणारा) हे शब्द आपल्याकडे जुने आहेत. इथल्या गुजराती कारागिराचा ‘संघाडो’ म्हणजे लेथच. नव्याने आलेल्या मराठी माणसाला तो ‘सांगाडा’ ऐकू येतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन सुरू केले, आणि तिथे धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह होता. त्या गावात राहून आपण या दोन साधनांचा भेद मराठीत नेमका सांगू शकत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लिंगाचाही प्रश्न कुणीतरी विचारला आहे. आमच्याकडे जिग ‘लावली’ जाते आणि फिक्स्चर ‘बांधले’ जाते, म्हणजे एक स्त्रीलिंगी, दुसरे नपुंसकलिंगी. बैठक तर आधीपासूनच स्त्रीलिंगी आहे. माझ्या फळीवरच्या डब्यांवर मी हल्ली ‘पंपाच्या कंसाची बैठक’ असे लिहितो, आणि खाचेच्या ठोकळ्यावर ‘जिग, ३ मिमी’ एवढेच.